वळीव आला म्हणून बागेचे पाणी तोडू नका! गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मेअखेरची कामे

सोलापूर : नवी पेठेसारख्या दाट बाजारवस्तीत अंगण नाही, बाग असते ती गच्चीवर. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, स्लॅब तापतो. तरीही जपलेली तुळस, मोगरा, कढीपत्ता अनेकदा दगावतो तो जूनमध्ये. कारण वळवाच्या दोन सरी पडल्या की पाणी घालणे थांबते, हिरवी जाळी उतरते आणि पुन्हा ऊन तापते.

सोलापूरचे गणित वेगळे का?
सोलापूर पर्जन्यछायेत आहे. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागले, तरी इथे जून-जुलैमध्ये मोठी उघडीप असू शकते. सरासरीने सर्वाधिक पाऊस पडतो सप्टेंबरमध्ये. त्यामुळे जाळी टप्प्याटप्प्याने काढावी आणि पाऊस स्थिरावेपर्यंत मातीत बोट घालून ओल पाहावी. दोन इंचांवर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

कमी पाण्यात कसे भागवायचे?
शहराला उजनीचे पाणी मिळते, पण नळ रोज येत नाही. म्हणून :
- पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावे.
- कुंड्या विटांवर, एकमेकींना खेटून ठेवाव्यात.
- मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे. रसवंतीतील चिपाडही चालते. मात्र ते धुऊन, वाळवून घ्यावे, नाहीतर मुंग्या लागतात.
- एसीचे पाणी झाडांना चालते. कूलरच्या टाकीत उरलेले आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी खारट असते. ते रोज घालू नये. कुंडीवर पांढरा थर दिसू लागला, तर क्षार साचल्याची ती खूण आहे.

आत्ता काय करू नये?
मरगळलेले झाड पाहून खत घालण्याचा मोह होतो. पण कोरड्या, तापलेल्या मातीत रासायनिक खताचे क्षार मुळांतील पाणी ओढून घेतात आणि मुळे करपतात. मोठी छाटणीही नको. नवी कोवळी फूट उन्हात जळते. फक्त वाळलेल्या काड्या आणि सुकलेली फुले काढावीत. कंपोस्ट आणि छाटणी दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

उन्हाचा फायदा कुठे?
रिकाम्या कुंड्यांतील जुनी माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापू द्यावी. बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी कमी होते. वांगी, मिरची, टोमॅटोचे बी मेअखेर सावलीत ट्रेमध्ये टाकले, तर पावसापर्यंत रोपे लावण्याजोगी होतात. भेंडी, गवार, दोडका मात्र जूनमध्ये थेट कुंडीत पेरावेत.

वळवाआधी एक काम आजच
वळीव वादळी वारा घेऊन येतो. कठड्यावरची कुंडी खाली वर्दळीच्या रस्त्यावर पडली, तर जिवावर बेतू शकते. कठड्यावरच्या आणि लटकत्या कुंड्या आजच खाली उतरवाव्यात, जाळीच्या दोऱ्या घट्ट कराव्यात. कुंड्यांची तळाची छिद्रे आणि गच्चीची पन्हाळी मोकळी करावी. कुंड्यांखालच्या ताटल्याही पावसाआधी काढाव्यात. साचलेल्या पाण्यात डास वाढतात.