वर्ख आणि कसब
फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात सिंहासनस्थ मेरीची दोन चित्रे आहेत: एक चिमाबुएचे, दुसरे जॉत्तोचे. अंतर जेमतेम एका पिढीचे आणि पार्श्वभूमी दोन्हींत सोन्याच्या वर्खाचीच. पण जॉत्तोच्या मेरीचे (सुमारे १३१०) गुडघे वस्त्राखाली जाणवतात. तिला वजन आहे. प्रबोधनकलेची सुरुवात मी या गुडघ्यांपासून धरतो.

वर्ख मात्र चिवट निघाला. तो स्वर्गीय प्रकाश होता, तशी देणगीदाराची ऐपतही. सोन्याची झळाळी रंगांनीच साधावी, असे आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहिले. म्हणजे मोल धातूचे नव्हे, कसबाचे. गिऱ्हाइकांना ते सावकाश पटले. १४८५ मध्येही गिर्लांदायोच्या करारात निळा रंग औंसाला ४ फ्लोरिनांच्या दराचा हवा, अशी अट होतीच.