विद्यार्थ्याची खोली

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा नातू, म्हणजे कन्येचा मुलगा, संभाजीनगराहून आमच्याकडे आला तो वळकटी व ट्रंक घेऊनच. “आजोबा, मी आतां परत जाणार नाहीं,” एवढेंच बोलून तो माजघरांत जाऊन निजला. अभ्यास जड जात असावा म्हणावें तर गुण चांगले. खानावळीविषयींही तक्रार नाहीं. दोन दिवसांनीं त्याच्या आजीनें गोडीगुलाबीनें काढून घेतलें तेव्हां कळलें कीं, दुखणें खोलीचें होतें. पांढऱ्या भिंती, दोन लोखंडी खाटा आणि वर नळीचा दिवा. “रात्रीं जाग आली म्हणजे आपण इस्पितळांत आहों असें वाटतें,” असें तो तिला म्हणाला.

एवढ्याशा कारणानें कोणी शिक्षण सोडतो काय, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही एके काळीं तसेंच वाटे. पस्तीस वर्षांपूर्वीं एका शाळेच्या वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. खेड्यांतून आलेल्या एका मुलानें उशाशेजारच्या भिंतीवर कोळशानें आपल्या घराचें दार, दारापुढचा लिंब व त्याखालीं बांधलेली गाय अशीं चित्रें काढलीं होतीं. आम्हीं त्याच्याच हातून ती भिंत चुन्यानें पांढरी करविली आणि सुखार्थी व विद्यार्थी यांचा मेळ बसत नाहीं या अर्थाचें सुभाषित वर ऐकविलें. संक्रांतीस तो मुलगा घरीं गेला तो परतला नाहीं. कारण तेंच एक होतें असें म्हणवत नाहीं. पण तें नव्हतें असेंही आजवर मनास पटवितां आलें नाहीं.

म्हणून यावेळीं उपदेशाचा मोह आवरून आम्ही नातवाला घेऊन अजिंठ्यास गेलों. (सोमवारीं लेणीं बंद असतात, हें आधीं न पाहिल्यामुळें एक खेप फुकट गेली.) तेथें जाणारे लोक पद्मपाणीच्या दर्शनासाठीं पहिल्या लेण्यांत गर्दी करितात, आम्ही त्यास थेट बाराव्यांत नेलें. हा इसवी सनापूर्वींचा विहार. दर्शनी भिंत केव्हांच ढासळली आहे, त्यामुळें आंत उजेड भरपूर. मंडपाच्या तीन बाजूंस चार चार अशा बारा कोठड्या, दारांवर चैत्यगवाक्षाच्या कमानी, आणि कोठडींत दगडांतच कोरलेले दोन दोन ओटे निजण्यासाठीं. घनामदड नांवाच्या वाण्याचें हें दान असल्याचा लेख तेथें आहे. नातू एका ओट्यावर बसला, दुसऱ्याकडे पाहूं लागला आणि हंसून म्हणाला, “आजोबा, म्हणजे येथेंही पार्टनर होताच!”

होता तर! अजिंठ्याचे विहार म्हणजे वसतिगृहेंच. येथें भिक्षु राहत, पाठ करीत व शिकत. त्यांच्या खोलीची चिंता विनयपिटकानें किती बारकाईनें वाहिली आहे, हें पाहून आश्चर्य वाटतें. चुल्लवग्गांत भिंतींस पांढरा, काळा व गेरूचा रंग देण्याची परवानगी आहे. खडबडीत भिंतीवर रंग धरत नसेल तर कोंडा मिसळलेल्या मातीचा लेप द्यावा, असेंही सांगितलें आहे. वस्त्रांसाठीं वेळूची दांडी व दोरी, म्हणजे आपली वलणी. आणि भिंतींत खुंट्या, ज्यांस नागदंत हा सुरेख शब्द आहे. वात्स्यायनानें नागरकाच्या खोलींत वीणा टांगली आहे ती याच नागदंतावर. (त्या ग्रंथाचें नांव या पानांवर घेण्याचें कारण नाहीं.) कांहीं भिक्षूंनीं आपल्या निवासांत स्त्रीपुरुषांचीं चित्रें काढविलीं, तेव्हां लोकांत कुरकुर झाली व तशीं चित्रें वर्ज्य ठरलीं, माळा व वेलपत्ती यांस मात्र मुभा राहिली. भिंती अगदीं कोऱ्याच ठेवा, असें कोणी म्हटलें नाहीं.

पुढें पांचव्या शतकांत वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव यानें सोळावें लेणें करविलें. त्याच्या संस्कृत लेखांत गवाक्षें, द्वारें, चित्रवीथी व स्तंभ यांचें कौतुक ओसंडत आहे. सतराव्यांत तर राजे, राण्या, हत्ती, अप्सरा, कशालाच तोटा नाहीं. चुल्लवग्गाचा नियम भिंतीवरून केव्हांच पुसला गेला होता. पण एक गोष्ट आम्हीं नातवास दाखविली. चित्रांचें हें वैभव मंडपांत व ओसरींत, सर्वांच्या सामाईक जागेंत. निजण्याच्या कोठड्या साध्या. त्यावर तो चटकन म्हणाला, “पण त्यांना मंडप तरी होता.” यावर आम्हांस उत्तर नव्हतें. आजच्या विद्यार्थ्याची एकच खोली, तीच कोठडी व तोच मंडप.

परतल्यावर आजी कामास लागली. तिच्या व कन्येच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून झाली. मराठवाड्यांत तिच्याइतकें ऊबदार दुसरें कांहीं नाहीं, मग हिमरूची शाल कितीही नाजूक असो. वसतिगृहांत खिळा ठोकण्यास मनाई, म्हणून खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत वलणी बांधावयाची ठरली. नळीच्या दिव्याऐवजीं रात्रीं पिवळ्या उजेडाचा मेजावरचा दिवा. हा एकच बदल सर्वांत मोलाचा. पांढऱ्या झगझगीत उजेडांत कोणतीही भिंत परकीच दिसते. खाट अशी फिरवावी कीं उशी भिंतीस लागेल व डोळे उघडतांच दार दिसेल. खिडकींत तुळशीची कुंडी. गेरूच्या रंगाचा कागद आणून नातवानें त्यावर पांढऱ्या रंगानें वेलपत्ती काढली; ती लेण्यांतल्या छताची आहे असें तो म्हणतो, आम्हांस ती आजीच्या रांगोळीची वाटली. हा कागद चिकटपट्टीनें लावावयाचा आणि तोही सोबत्यास विचारून, कारण निम्मी भिंत त्याची.

कार्तिकी एकादशीनंतर तो गेला. माघांत आम्ही पाहावयास गेलों. वाकळ खाटेवर होती, तुळस थोडी सुकली होती. उशाशीं घराचें एकच छायाचित्र होतें. ओसरीवर त्याची आजी तांदूळ निवडीत आहे, तें त्यानें केव्हां घेतलें तिलाही ठाऊक नाहीं. सोबत्याच्या बाजूस मात्र कोणा सिनेनटाचें पुरुषभर उंचीचें रंगीत चित्र लागलेलें. “आजोबा, तुम्हांला आवडणार नाहीं, काढूं का?” तो मुलगा संकोचानें म्हणाला. “राहूं द्या,” असें म्हणून आम्हीं खुर्ची दुसरीकडे वळविली व त्यानें आणलेला चहा घेतला.