विडी सोडताना हातात काय धरायचे?

गेल्या भाऊबीजेला वसमत तालुक्यातल्या ताईच्या गावी गेलो होतो. जेवणे आटोपली. दाजी नेहमीप्रमाणे ओसरीवर येऊन टेकले आणि त्यांनी खिशात हात घातला. आता विड्यांचे बंडल आणि काडेपेटी निघणार, असे वाटत असताना निघाली एक निळसर, चपटी, बोटभर लांबीची वस्तू. दाजींनी ती ओठांना लावली. टोकाशी बारीक दिवा लागला, आंब्याच्या वासाचा पांढरा लोट ओसरीभर पसरला आणि पाठोपाठ दाजींना असा ठसका लागला, की ताई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"पोरानं पुण्याहून आणलंय," ठसका ओसरल्यावर दाजी म्हणाले. "म्हणतो, बाबा, विडी सोडा आन् हे ओढा. आता तू शिकलेला माणूस. हे घ्यावं का न्हाई? आन् घ्यावं तर यातलं कोन्तं?"

दाजी अठ्ठावन्न वर्षांचे. चाळीस वर्षे विडी. तालुक्याला किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन गेले की सिगारेट. दिवसाला एक बंडल सहज संपते. गेल्या पावसाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हापासून ताईने धोशा लावला होता. म्हणजे विडी सोडायची दाजींची तयारी होती. प्रश्न एवढाच होता, की सोडताना हातात काय धरायचे?

मी तेव्हा काही उत्तर दिले नाही, कारण मला ते येत नव्हते. नंतर डॉक्टरांना विचारले, वाचले, आणि या खटाटोपात जे हाती लागले ते इथे सांगतो आहे. घरोघर असा एखादा दाजी असतोच.

आधी ते पेन. त्याला ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. होन लिक नावाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ साली ती तयार केली. तो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता. रचना साधी आहे. आत एक बॅटरी, तिच्यावर तापणारी तारेची बारीक वेटोळी, त्या वेटोळीला भिजवणारा कापूस आणि एक द्रव. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि निकोटिन असते. ओढले की तार तापते, द्रवाचे तुषार होतात, ते छातीत जातात. जळत काही नाही. त्यामुळे विडीच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसते. मात्र तलफ लावणारे निकोटिन असते आणि तापलेल्या द्रवातून निघणारी इतर काही घातक रसायनेही असतात.

इंग्लंडमध्ये एखाद्या मराठी गृहस्थाने दाजींचाच प्रश्न विचारला, तर त्याला तिथे रीतसर उत्तर मिळते. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे धूम्रपान सोडवणारे समुपदेशकच सांगतात, की नवख्याने साधे, पुन्हा भरता येणारे छोटे यंत्र घ्यावे, मोठ्या धुरांड्याच्या नादी लागू नये. दिवसाला जास्त सिगारेटी असतील तर निकोटिन फार कमी घेऊ नये, नाहीतर माणूस आठ दिवसांत सिगारेटकडे परत वळतो. द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन घालायला तिथे बंदी आहे, आणि एकदा वापरून फेकायची यंत्रे १ जून २०२५ पासून विकता येत नाहीत. ८८६ जणांवर तिथे एक मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सिगारेट सुटलेल्यांचे प्रमाण ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के, तर गम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांच्या गटात ९.९ टक्के भरले. हे दडवण्यात अर्थ नाही. पण त्याच चाचणीत आणखी एक आकडा आहे. ई-सिगारेटच्या साह्याने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ते यंत्र ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांमध्ये ती साधने चालू असलेले अवघे ९ टक्के होते.

आता आपल्याकडे या. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही शिक्षा आहे. म्हणजे भाच्याने पुण्यात जे आणले ते चोरट्या वाटेने आलेले होते. त्या डबीत नक्की काय भरले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये अशाच बेकायदा द्रवांमुळे फुप्फुसांचा विकार पसरला. २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले, ६८ दगावले. त्या द्रवांत प्रामुख्याने गांजाचा अर्क होता आणि तो दाट करायला ई-जीवनसत्त्वाचे एक तेल मिसळले होते. आपल्या हातातल्या पेनात ते नसेलही, पण तपासणार कोण?

इथे मनात एक शंका येते, ती बोलून टाकतो. यंत्रावर बंदी आणि विडीचे बंडल मात्र गावच्या प्रत्येक टपरीवर, हा न्याय कुठला? विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्याला हा कायदा काहीसा कडूच वाटणार. तरीही ओसरीवर त्या संध्याकाळी मी जे पाहिले, त्यानंतर माझे मन त्या पेनाच्या बाजूने झुकत नाही. दाजींचा चार वर्षांचा नातू त्या आंब्याच्या वासाने धावत आला आणि "आबा, मला बी" म्हणून हात पुढे करू लागला. विडीच्या वासाने तो कधी जवळ आला नव्हता. त्या द्रवातले निकोटिन लहान मुलाच्या पोटात गेले, तर जिवावर बेतू शकते. ताईने ते पेन तत्क्षणी उचलून मांडणीवर, उंच ठेवले.

पण पेन नको म्हटले म्हणजे काम संपत नाही. आपल्याकडे विडी सोडणारा माणूस दुसऱ्याच यंत्राकडे वळतो. त्याला ना बॅटरी लागते, ना वेटोळी. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याची दोन-चार रगडणी, की झाले. "विडी सोडली, आता नुसती तंबाखू खातो," हे वाक्य हिंगोलीपासून सेनगावपर्यंत कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर माळ घातल्याचे समाधान असते! २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी फक्त ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. बिनधुराची तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के. बायकांची मिसरी त्यातच आली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे पडलेल्या दिसतात ते सांगायला नको. धुराऐवजी गालाचा कर्करोग पत्करण्याला सुटका म्हणता येत नाही.

मग नवख्याने घ्यायचे काय? कायदेशीर, औषधाच्या दुकानात मिळणारी दोन मुख्य साधने आहेत. निकोटिनचा गम आणि निकोटिनची पट्टी. दोन्हींचे काम एकच. धूर वगळून थोडे निकोटिन शरीराला द्यायचे, म्हणजे चिडचिड, घाम, झोपमोड सोसवते, आणि ते हळूहळू कमी करत न्यायचे. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत त्यांचा समावेश झाला आहे.

मी दिवाळीनंतर हिंगोलीतल्या एका औषधाच्या दुकानातून गमची दोन पाकिटे घेतली आणि दाजींकडे पाठवली. चूक अशी केली, की सोबत एक शब्दही सांगितला नाही. आठवड्याने ताईचा फोन आला. दाजींनी एकदम दोन गोळ्या तोंडात टाकल्या, पान चघळावे तशा करकचून चावल्या, रस गिळला आणि वरून चहा घेतला. उचकी, मळमळ, छातीत जळजळ. उरलेले पाकीट उकिरड्यावर गेले आणि विडी पुन्हा पेटली.

गमला च्युइंगम समजून चावायचे नसते, हे दुकानदार सांगत नाही आणि पाकिटावरची बारीक अक्षरे अठ्ठावन्नाव्या वर्षी दिसत नाहीत. एक गोळी सावकाश चावायची. दहा-पंधरा वेळा चावल्यावर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते. लागली की थांबायचे आणि गोळी गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, अगदी तंबाखूची गोळी ठेवतात तशी. चुणचुण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचे, जागा बदलून ठेवायचे. अर्धा तास एक गोळी पुरते. निकोटिन गालातून रक्तात जाते; गिळले तर फक्त पोट बिघडते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण त्या आंबटपणाने निकोटिन गालातून आत शिरतच नाही. चहा आणि विडी या जोडीचा ज्याला चाळीस वर्षांचा सराव आहे, त्याला हे एक पथ्य सर्वांत जड जाते.

गोळी २ मिलिग्रॅमची घ्यायची की ४ ची? डॉक्टर त्यासाठी एक साधा प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४, नाहीतर २. दाजींना ती अंथरुणातच लागत असे. त्यांना मी २ च्या गोळ्या पाठवल्या होत्या! वर विडीचे पान सिगारेटच्या कागदासारखे हवा खेळू देत नाही. ती विझू नये म्हणून जोरात आणि वरचेवर ओढावी लागते. त्यामुळे 'नुसती विडी' म्हणून ती हलकी समजण्यात अर्थ नाही.

संक्रांतीनंतर दाजींना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, हृदयाचा त्रास झाला होता का ते विचारले, आणि पट्टी दिली. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग १४ ची दोन, मग ७ ची दोन, असा साधारण हिशेब असतो. रोज सकाळी दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी चिकटवायची. रोज जागा बदलायची, नाहीतर खाज सुटते. रात्री चित्रविचित्र स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढायची. काढलेली पट्टी घडी करून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची. पट्टी दिवसभर संथ पुरवठा करते, आणि अचानक उसळलेल्या तलफेला गम. दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या साधनापेक्षा जास्त उपयोग होतो, हे आता सिद्ध झालेले आहे. यापलीकडे बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाहीत. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा अल्सर असलेले यांनी गम-पट्टीसुद्धा विचारूनच घ्यावी.

औषधांपेक्षा एक भलतीच अडचण दाजींनी डॉक्टरांपुढे लाजत लाजत मांडली. "सकाळी विडीबिगर पोट साफ होत न्हाई." मला हसू आले, डॉक्टरांना नाही. निकोटिन आतड्यांना चालना देते, ते बंद केले की काही आठवडे बद्धकोष्ठ होतेच, असे ते म्हणाले. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात भाजी, लागल्यास इसबगोल. कितीतरी माणसे विडीकडे परततात ती या एका कारणाने, आणि ते कोणाला सांगत नाहीत. दाजींच्या बाबतीत हा सल्ला पट्टीइतकाच कामी आला.

प्रत्येक तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. २०१८ पासून तो बंधनकारक आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत २०१६ साली सुरू झालेली ही तंबाखू सोडवणारी मोफत दूरध्वनी सेवा आहे. दाजींनी तो क्रमांक हजारदा पाहिला होता आणि त्यांना तो तक्रारीचा नंबर वाटत होता!

तलफेचे म्हणाल तर ती काही मिनिटांची असते, पण त्या मिनिटांची वेळ ठरलेली नसते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला रानात गेलेला माणूस अंधारात, थंडीत एकटाच असतो. त्याला विडीचा निखारा सोबतीसारखा वाटतो. दाजींनी त्यावर भाजलेल्या शेंगा आणि रेडिओ असा तोडगा काढला. खरी कसोटी हळद शिजवताना लागली. कुकरवर रात्रभर जागरण, चार गडी, चहाची किटली आणि हाताहातांतून फिरणारे बंडल. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला.

"पट्टी हाय दंडावर. गोळ्या घरी राहिल्यात. हे सगळे ओढू लालेत. काय करू?"

मला चटकन काही सुचले नाही. मी म्हणालो, "दाजी, यंदा हळदीला भाव काय निघेल?"

त्यावर दाजी बोलू लागले ते मोंढा, आवक, ओल, व्यापारी, गेल्या सालची फसगत असे पाऊण तास बोलत राहिले. मधेच कोणीतरी त्यांना हाक मारली.

"ठेवतो रं," ते म्हणाले, "कुकर उतरायचा हाय."