लॅबमधलं कपाट आणि सोलापूरचा मे महिना: प्रयोगशाळेच्या तपासणीत नेमकं काय पाहायला हवं?

डायइथाइल ईथर हा रसायनशास्त्राच्या लॅबमधला नेहमीचा द्रव. तो ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतो. आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जाणं काही नवीन नाही. म्हणजे सुट्टीत कुलूप लावलेल्या, तापलेल्या खोलीतली ईथरची बाटली बर्नर न पेटवताच उकळायच्या बेतात येते. झाकण सैल असेल तर वाफ बाहेर येते, घट्ट असेल तर आत दाब वाढतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते.

मग बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर? घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण असतं, तिथेही बारीक ठिणगी पडू शकते. त्यामुळे अशा द्रवांसाठी आत ठिणगी न पडणारा खास फ्रिज लागतो. तो महाग असतो.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला केंद्राच्या ‘पीएम-उषा’ योजनेतून १०० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. या योजनेत नवं बांधकाम, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि उपकरणं अशा तिन्ही गोष्टी बसतात. पण सुविधा वाढवायच्या म्हटलं की आधी मोठं यंत्र डोळ्यांसमोर येतं. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं उद्घाटन कोणी करत नाही. शिवाय विद्यापीठ २००४ चं असलं तरी जिल्ह्यातल्या काही महाविद्यालयांचा इतिहास त्याहून खूप जुना आहे. दयानंद महाविद्यालय तर १९४० मधलं.

तपासणी करतं कोण?

पुणे महामार्गावर केगावला विद्यापीठ आहे आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की चिंचोळी एमआयडीसी. तिथल्या कारखान्यांना २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता, औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे अधिकारी येऊन पाहणी करू शकतात. शिकवण्यासाठीची लॅब मात्र सर्वसाधारणपणे ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाही. रसायन तेच, नियम वेगळे.

मग उरतो महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला, तेव्हापासून सोलापूरकरांना या कागदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण हे प्रमाणपत्र अग्निशामक यंत्रणेबद्दल बोलतं. नायट्रिक आम्लाची बाटली अ‍ॅसिटोनला चिकटून ठेवली आहे का, हे त्यात येत नाही. रासायनिक प्रयोगशाळांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४२०९, पण ते प्रत्यक्षात आणायचं काम शेवटी संस्थेच्या स्वतःच्या समितीवर येतं.

या समितीने काय पाहावं? सगळ्यात आधी फ्यूम हूड. काचेखाली टिश्यू पेपरची पट्टी धरली आणि ती आत ओढली गेली नाही, तर हूड फक्त कपाट म्हणून उभा आहे. हा झाला घरगुती अंदाज. खऱ्या तपासणीत हवेचा वेग मोजतात, तो साधारण सेकंदाला अर्धा मीटर लागतो. मग बाटल्यांची मांडणी. इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेलं कपाट दिसायला छान, पण त्यात आम्ल आणि ज्वालाग्राही द्रव शेजारी येतात. डोळ्यात रसायन गेलं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी लागतं, आणि काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात हा प्रश्न थेट टाकीपाशी जातो. सिलिंडर साखळीने बांधलेत का, तेही पाहायचं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर २०१८ मध्ये लॅबमधल्या स्फोटात एका संशोधकाचा मृत्यू झाला होता. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायन लॅबमधल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. या दोन्ही संस्था काही साधनांनी गरीब नाहीत.

तपासणी झाली, पुढे?

खरी गोम इथे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑक्टोबर २००८ मध्ये एका लॅबची अंतर्गत तपासणी झाली. तिथले लोक अ‍ॅप्रन घालत नाहीत, अशी नोंद अहवालात झाली. दुरुस्ती मात्र लांबली. डिसेंबरअखेर त्याच लॅबमध्ये हवेच्या संपर्काने पेट घेणारं रसायन सिरिंजमधून सांडलं आणि २३ वर्षांच्या संशोधन सहायक तरुणीच्या अंगावरचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला. १८ दिवसांनी ती गेली. पुढे प्राध्यापकावर फौजदारी खटला भरला गेला. तेव्हा अहवालातल्या प्रत्येक त्रुटीसमोर कोणी, किती तारखेपर्यंत, कोणत्या पैशातून, असे तीन रकाने नसतील, तर तो अहवाल अपघातानंतर पुरावा म्हणूनच कामी येतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे जुनं सामान. दिल्ली विद्यापीठाने १९८५ पासून पडून असलेलं एक किरणोत्सारी उपकरण २०१० मध्ये भंगारात लिलाव केलं. मायापुरीच्या बाजारात ते फोडलं गेलं, त्यातल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेक जण आजारी पडले. आपल्याकडच्या कपाटात कोबाल्ट नसेल, पण लेबल गेलेल्या बाटल्या आणि वर्षानुवर्षं पडून असलेलं ईथर असू शकतं, ज्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. अशी बाटली उघडून पाहायची नसते आणि बेसिनमध्ये ओतायची तर नाहीच. घातक कचऱ्यासाठी महाराष्ट्रात तळोजा, बुटीबोरी आणि पुणे जिल्ह्यात रांजणगाव इथे प्रक्रिया केंद्रं आहेत. एका महाविद्यालयाच्या दहा बाटल्यांसाठी रांजणगावची गाडी परवडणार नाही. विद्यापीठाने जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांची यादी एकत्र केली, तर ती परवडू शकते.