जीपमधील बिनतारी संच : एरियल नीट तर हाक नीट



जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाचा जोर वाढला की ओढे रस्त्यावर येतात, दरडी सुटतात, वीज जाते. वीज फार वेळ गेली की मोबाईलचा मनोराही गप्प होतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या जागी गाव दिसत नाही हे ध्यानात आले ते एस.टी.च्या चालकाला, आणि त्याने खबर पोचवली. संकटात खबर लवकर पोचणे किती मोलाचे आहे, हे यावरून कळावे.

चिखलातून, दगडगोट्यांतून वर जाते ती जीप. तिच्यात दोन्हीकडून बोलता येणारा बिनतारी संच असला तर मनोरा बंद असतानाही हाक पोचते. पोलीस आणि वनखात्याच्या गाड्यांत असे संच असतातच. आपल्या संस्थेच्या किंवा गावाच्या जीपमध्ये तो बसवायचा तर काय पाहावे, ते येथे सांगत आहे.

आधी परवाना

बिनतारी संच म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ नव्हे. तो लहरी सोडतो, म्हणून केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना आणि ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त हातसंचांना परवाना लागत नाही. पण त्यांची हाक शिवारापुरतीच. स्वस्त मिळाला म्हणून कोणताही संच घेऊ नये. ज्यांना या विद्येची गोडी आहे त्यांनी, घरातील शिकत्या मुला-मुलींनीसुद्धा, सरकारी परीक्षा देऊन हौशी बिनतारीचा म्हणजे ‘हॅम’चा परवाना काढावा. मात्र तो धंद्याच्या निरोपांसाठी वापरता येत नाही.

आपल्या तालुक्यात आणखी एक कारण आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ती टिपते. भोवतीच्या डोंगरांचा आडोसा आणि रेडिओचा गोंगाट कमी, म्हणून ही जागा पसंत पडली. गाड्यांतील बरेच संच १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि दुर्बीण त्या पट्ट्यातही ऐकते. जिथे सगळे कान देऊन बसले आहेत तिथे बिनपरवाना ओरडणे म्हणजे शेजाऱ्याच्या उभ्या पिकात गुरे सोडण्यासारखेच आहे.

वीज थेट बॅटरीवरून

सिगारेट लायटरच्या खोबणीतून वीज घेऊ नये. २५ वॉटचा संच बोलताना पाच-सहा अँपिअर खेचतो. बारीक तार तापते. बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून जाड तांब्याच्या तारा आणाव्यात आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडे घालावे. जीप-ट्रॅक्टरला १२ व्होल्ट, तर मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा संच तिथे थेट जोडला तर जळेल. संच लोखंडी पट्टीने घट्ट आवळावा. चालकाचा गुडघा लागेल किंवा एअरबॅग उघडेल अशी जागा टाळावी.

सारा भार एरियलवर

महागडा संच आणि वाईट एरियल यापेक्षा साधा संच आणि चांगले एरियल बरे. १५० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी दोन मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरची काठी पुरते. पण ती एकटी काम करीत नाही. खालचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून टपाच्या मधोमध एरियल उत्तम. ताडपत्रीच्या टपाची जीप असेल तर बॉनेटच्या कडेला बसवावे, तिथला रंग खरवडून उघड्या पत्र्याशी जोड द्यावा, आणि बॉनेट व बॉडी तांब्याच्या पट्टीने जोडावीत.

एरियलची केबल दारात चेमटू देऊ नये. बाहेरच्या जोडावर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळावी. बसवणाऱ्याकडून एस.डब्ल्यू.आर. मीटरने तपासणी करून घ्यावी. काटा दीडच्या आत असला तर उत्तम. तीनपाशी गेला तर दोष सापडेपर्यंत बोलू नये. एरियल न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, संच जळू शकतो.

डोंगर आडवा येतो

या लहरी बहुतांशी नजरेच्या रेषेत जातात. लेण्याद्रीच्या पायथ्याशी जीप उभी केली तर दक्षिणेला जुन्नर-शिवनेरीकडे मोकळा मुलूख आहे. उत्तरेला डोंगराची भिंत. तिथून पलीकडे हाक जाणे कठीण. अशा वेळी शक्ती वाढवून उपयोग नाही, जागा बदलावी. कधी चार-सहा पावले गाडी पुढे घेतली तरी आवाज येतो. नाहीतर खिंडीवर, उंचवट्यावर जावे. आपल्या भागातील कोणत्या वळणावरून आवाज जातो, हे कोरड्या दिवसांत फिरून वहीत लिहून ठेवावे.

बोलण्याची रीत

एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचे. बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे. आधी ठिकाण, मग काय घडले, किती माणसे, काय हवे. बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे. पलीकडे ऐकणारा कोण आणि कोणत्या वेळी, हे ठरलेले नसेल तर संच असून नसल्यासारखाच.

मृगापूर्वी आपण औते, बियाणे, घराची कौले पाहतो. त्याच आठवड्यात फ्यूज, जोड आणि एरियलही पाहावे, आणि पलीकडच्या माणसाशी एकदा बोलून खात्री करून घ्यावी.