घरातील मोठा कोळी

भंडारा जिल्ह्यात कवेलूंच्या घरांतील भिंतीवर रात्री तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसला की घरातील मंडळी घाबरतात. अशा वेळी धानपिकासाठी आणलेले कीटकनाशक घरात फवारण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. ते विष धान्य, पाणी व अंथरूण यांवर बसते आणि लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते.

शास्त्रात ‘हेटेरोपोडा व्हेनेटोरिया’ या नावाने ओळखला जाणारा हा कोळी शिकारीसाठी जाळे विणीत नाही. दिवसा तो फटीत दडतो व रात्री झुरळे पकडून खातो. मादी अंड्यांची चपटी पिशवी अंगाखाली बाळगते. हाताने पकडल्यास तो चावतो व चाव्याची जागा दुखते; परंतु त्याचे विष माणसास घातक नाही.

कोळी घरात नको असल्यास त्यावर रुंद भांडे पालथे घालावे, खालून पुठ्ठा सरकवावा व त्यास बाहेर सोडावे. भिंतीच्या फटी लिंपाव्यात, खरकटे उघडे ठेवू नये. झुरळे हटली म्हणजे कोळीही कमी होतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोळी बाहेर सोडण्याची ही रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यायोगे लोकांची भीती कमी होईल.