‘टाकी भरली’ आणि ‘टाकी साफ केली’ : सेप्टिक टँकच्या देखभालीतील अर्थविचार

सेप्टिक टँक हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लेखनास घ्यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वस्तूविषयी लोक सहसा बोलत नाहीत, आणि बोललेच तर दुसऱ्या एखाद्या वस्तूचे शब्द उसने घेऊन बोलतात, ती वस्तू अर्थविचाराच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगी नसते. सेप्टिक टँकसंबंधीची आपली सारी क्रियापदे अशीच पाण्याच्या टाकीकडून आणि विहिरीकडून आलेली आहेत. ती ह्या वस्तूस लागू पडत नाहीत. ह्या उसनवारीने घरांचे व धंद्यांचे नुकसान होते, आणि प्रसंगी माणसे मरतात. ते कसे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम नामांचा विचार करू. ‘टाके’ व ‘टाकी’ हे शब्द मराठीत पिण्याच्या पाण्याशी जडलेले आहेत. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही खडकात खोदलेली टाकी अनेकांनी पाहिली असतील. इंग्रजी ‘टँक’ हा शब्द गुजराती-मराठीतील ‘टांके’ ह्यावरूनच तिकडे गेला, की पोर्तुगीज ‘तांके’चा त्यात वाटा आहे, हा वाद ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या कोशापासून चालत आलेला आहे. त्याचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. पहिले मत खरे असेल, तर गडावरचे पाणी सांगणारा शब्द समुद्रापलीकडे जाऊन मैल्याच्या हौदाचे नाव होऊन परत आला, असे म्हणावे लागेल.

‘सेप्टिक’ची गोष्ट निराळी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कुजविणारे’ असा. फ्रान्समध्ये मुरा ह्या गृहस्थाने अशा प्रकारच्या बंद हौदाचे १८८१ साली पेटंट घेतले होते. पण ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ झाले ते इंग्लंडातील एक्झिटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन ह्यांनी १८९५ च्या सुमारास बांधलेल्या टाकीमुळे. त्यांच्या दृष्टीने कुजणे हा टाकीचा गुण होता, तिचे कार्यच होते. मराठी माणसास मात्र ‘सेप्टिक’ हा शब्द माहीत आहे तो ‘जखम सेप्टिक झाली’ ह्या वाक्यातून. तेथे कुजणे हा रोग आहे आणि त्यावर जंतुनाशक हा उपाय आहे. संडासात दररोज सढळ हाताने फिनेल, ब्लीचिंग पावडर वा अ‍ॅसिड ओतणाऱ्या गृहिणीच्या किंवा व्यवस्थापकाच्या मनात हाच अर्थ वावरत असतो. ज्या जंतूंनी काम करावयाचे, त्यांनाच तो मारीत असतो.

हे काम कोणते, ते थोडक्यात सांगतो. घरातील मैलापाणी टाकीत शिरले की त्याचा वेग मंदावतो. जड द्रव्य तळाशी बसते, तो गाळ. स्निग्ध व हलके द्रव्य वर तरंगते. त्यास जाणकार ‘साय’ म्हणतात. ह्या दोहोंच्या मधले, त्यातल्या त्यात निवळलेले पाणी बाहेरच्या नळीने शोषखड्ड्यात जाते व जमिनीत मुरते. तळाच्या गाळावर हवेवाचून जगणारे जंतू वाढतात, गाळ पचवून त्याचे आकारमान कमी करतात, आणि वायू सोडतात. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. २४७० ह्या संहितेत अशा टाकीस किमान एक हजार लिटर पाण्याची जागा, एक मीटर खोली, आणि रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत लांबी सांगितली आहे. लांबी अधिक ठेवण्याचा हेतू एवढाच, की आत आलेल्या पाण्यास बाहेर पडण्यापूर्वी निवळण्यास अवधी मिळावा.

आता ‘भरणे’ हे क्रियापद घेऊ. पाण्याची टाकी भरते व रिकामी होते. तिचा तो स्वभावच आहे. सेप्टिक टँक मात्र वापरास लागल्यावर काही दिवसांतच बाहेरच्या नळीच्या पातळीपर्यंत भरते आणि पुढे आयुष्यभर भरलेलीच राहते. जेवढे आत येते तेवढे बाहेर जाते. तेव्हा ‘आमची टाकी भरली’ ह्या वाक्यात वस्तुतः माहिती काहीच नाही. बोलणाऱ्यास सांगावयाचे असते ते हे, की पाणी उलटू लागले आहे. त्याची कारणे तीन असू शकतात : नळीत अडथळा आला असेल (ह्यास आपल्या शहरांत ‘चोकअप’ असे क्रियापदाचे नाम झालेले रूप रूढ आहे), शोषखड्डा पाणी पिईनासा झाला असेल, किंवा गाळ व साय ह्यांनी टाकीतील जागा व्यापली असेल. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत; परंतु एकाच शब्दात तिन्ही कोंबल्यामुळे प्रत्येक वेळी टँकरच बोलावला जातो, आणि शोषखड्डा बंद पडलेला असेल तर आठवड्याभरात पाणी पुन्हा उलटते.

ह्याहून मोठे नुकसान ‘अजून भरली नाही’ ह्या वाक्याने होते. गाळ व साय मिळून टाकीच्या खोलीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापू लागली की उपसा करावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ह्या अवस्थेत वरून काहीच दिसत नाही. संडास सुरळीत चालू असतो. उपसा झाला नाही तर गाळाचे कण पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातात आणि मातीची छिद्रे बुजवितात. ती पुन्हा मोकळी करणे फार अवघड. बहुधा नवा खड्डाच खणावा लागतो. म्हणून उलटण्याची वाट न पाहता काळ ठरवून उपसा करावयाचा असतो. लहान घरगुती टाकी दोन वर्षांतून एकदा तरी उपसावी, असे वरील संहितेचे सांगणे आहे. गाळ मोजण्याची जुनी युक्तीही उपयोगी आहे. लांब काठीच्या टोकास पांढरे जाड फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी व काही मिनिटांनी काढावी. जेथवर काळपट गाळ चिकटला तेवढी त्याची जाडी. मात्र हे उभ्याने, तोंडावर न वाकता करावे.

हॉटेले, वसतिगृहे, मंगल कार्यालये ह्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरातील तेलतूप सायीचा थर झपाट्याने वाढविते. ते टाकीपूर्वीच वेगळ्या चेंबरमध्ये अडविले पाहिजे, आणि ते चेंबर वारंवार उपसले पाहिजे. मंगल कार्यालयाची टाकी महिनोन्‌महिने स्वस्थ असते व मुहूर्ताच्या दिवशी तिच्यावर एकदम लोंढा येतो. त्या लोंढ्याने तळचा गाळ ढवळला जाऊन तसाच बाहेर पडतो. लग्नसराई सुरू होण्यापूर्वी उपसा करून घेणे हे अशा मालकाच्या हिताचे आहे.

‘साफ करणे’ हे दुसरे क्रियापद, आणि माझ्या मते अधिक घातक. ‘सेप्टिक टँक साफ करून मिळेल’ अशा पाट्या कोणत्याही गावाच्या भिंतींवर दिसतात. पाण्याची टाकी साफ करणे म्हणजे ती रिकामी करून, आत उतरून, घासून धुणे. विहीर उपसणे म्हणजेही पाणी काढून, माणूस खाली सोडून, गाळ टोपल्यांनी वर आणून खडक उघडा करणे. ह्या दोन्ही कामांचे चित्र ‘साफ’ ह्या शब्दाबरोबर सेप्टिक टँकवर येऊन बसते. तळ दिसला नाही तर काम झाले नाही, असे पैसे देणारा म्हणतो. आणि नळीने ओढला न गेलेला कोपऱ्यातील गाळ काढण्यासाठी कोणास तरी शिडी लावली जाते.

शास्त्र ह्याच्या नेमके उलट सांगते. सेप्टिक टँक धुवावयाची नसते, घासावयाची तर मुळीच नसते. तळाशी सुमारे २५ मिलिमीटर गाळ मुद्दाम ठेवावा, अशी संहितेची सूचना आहे. नव्या गाळात जंतू वाढण्यास तो बीजासारखा लागतो. उपमा रुचणार नाही, पण मराठीत ह्यासाठी ‘विरजण’ ह्यासारखा नेमका शब्द दुसरा नाही. थोडक्यात, जी ‘सफाई’ करण्यासाठी माणूस आत उतरतो ती तांत्रिकदृष्ट्या अनावश्यकच आहे. ह्यास एक अपवाद सांगितला जातो तो असा, की दहा-पंधरा वर्षे न उपसलेल्या टाकीचा गाळ इतका घट्ट बसतो की पंपाने तो ओढला जात नाही. हे खरे आहे. पण तो घट्ट झाला ‘अजून भरली नाही’ ह्या वाक्यामुळे. आणि तेव्हाही वरून पाण्याचा जोरदार झोत मारून गाळ सैल करणे हाच मार्ग आहे.

विहिरीच्या अनुभवाने आणखी एक घात केला आहे. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची रीत होती. ज्योत विझली नाही तर हवा चांगली. सेप्टिक टँकमध्ये मिथेन हा ज्वालाग्राही वायू असतो, तेथे ज्योत नेणे हाच अपघात. आणि कुजक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला कळत नाही. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांत नाकाची शक्तीच बधिर होते. ‘वास गेला’ असे वाटते तेव्हा वायू गेलेला नसतो. झाकण तासभर उघडे ठेवण्याचाही भरवसा नाही, कारण गाळात अडकलेला वायू गाळ ढवळताच एकदम सुटतो. वृत्तपत्रे ‘गुदमरून मृत्यू’ असे लिहितात. गुदमरणे म्हणजे जीव घाबरा होणे, धडपडणे. त्यात मागे फिरण्यास सवड आहे असा भास होतो. दाट वायूत माणूस एकदोन श्वासांत कोसळतो. पहिल्यास काढावयास दुसरा, दुसऱ्यास काढावयास तिसरा उतरतो, म्हणून ह्या बातम्यांत मृतांची संख्या बहुधा एकाहून अधिक असते.

१८६० पासूनच्या सर्व तांत्रिक प्रगतीनंतरही झाकणाचे नाव ‘मॅनहोल’ राहिले, त्यात माणूस शब्दातच बसलेला आहे. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘मॅनहोल’कडून ‘मशीनहोल’कडे जाण्याची भाषा झाली. शब्द ओबडधोबड आहे, पण दोष बरोबर हेरला आहे. ‘मैलागाळ’ हा मराठी प्रशासनात आलेला शब्दही मला चांगला वाटतो, कारण तो ‘उपसणे’ हे क्रियापद मागतो, ‘साफ करणे’ नव्हे. वाई व सिन्नर ह्या नगरपालिकांनी २०१८ पासून साऱ्या गावाच्या टाक्या आळीपाळीने, साधारण तीन वर्षांच्या फेरीने उपसण्याची पद्धत सुरू केली. तेथे तक्रारीची वाट पाहावयाची नसते, आणि म्हणून ‘भरली’ हा शब्द उच्चारण्याचेही कारण उरत नाही.

शेवटी कर्त्याविषयी. ‘कामगार टाकीत उतरले आणि मरण पावले’ ह्या वाक्यात दोन अकर्मक क्रियापदे आहेत आणि कामगाराखेरीज कोणीही कर्ता नाही. २०१३ च्या हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धच्या अधिनियमातील सातवे कलम मात्र, धोकादायक सफाईसाठी माणसास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कामास लावणाऱ्यास उद्देशून आहे. त्याची भाषा ‘उतरणे’ची नसून ‘उतरविणे’ची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली व २०२३ साली ती ३० लाख केली. २०१९ साली गोवंडीतील एका खाजगी गृहसंस्थेच्या टाकीत तीन कामगार मरण पावले, तेव्हाही मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये भरपाईची जबाबदारी राज्य शासनावर ठेवली. गृहसंस्थेच्या इतिवृत्तात ‘टाकी साफ करून घेणे’ असा ठराव लिहिला जातो. त्याऐवजी ‘टाकीतील मैलागाळ यंत्राने उपसून घेणे, कोणासही आत उतरवू नये, तळाचा थर राहू द्यावा’ असे लिहिले, आणि गाळ कोठे नेऊन टाकला ते पावतीवर नोंदवून घेतले, तर ठेकेदारास पाळावयाच्या अटी कागदावरच येतात.